दीड माणूस

४ जून

महाशय,

हे पत्र मुद्दाम ऑफिसच्या कागदावर लिहिते आहे. साध्या कागदावर लिहिलं असतं तर तुम्ही ते फाडून टाकलं असतं आणि वर साळसूदपणे विचारलं असतं, कुठलं पत्र? डोक्यावर छापलंय ते नीट वाचा. निवृत्तिवेतन कार्यालय, नोंदी जुळवणी विभाग. या विभागाची मी प्रमुख आहे. तुमची पेन्शन ज्या इमारतीतून निघते, तिच्याच चौथ्या मजल्यावर माझं टेबल आहे. तेव्हा पोस्टाने पत्र गहाळ केलं वगैरे सबबी माझ्यापुढे चालणार नाहीत.

चोवीस वर्षांपूर्वी माझ्या आईचा नवरा घरातून गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा. परगावच्या हॉस्पिटलात लिफ्ट अडकली आहे, दोन दिवसांत येतो, असं सांगून हत्यारांची पेटी उचलली आणि निघाला. ती लिफ्ट एव्हाना भंगारात गेली असेल. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आईने शाळेचे गणवेश शिवून मला शिकवलं. अजूनही शिवते. तिच्या दुकानाला लागून एका घड्याळजींचं दुकान आहे.

तर आता आईला त्या घड्याळजींशी लग्न करायचं आहे. हसू नका, तो अधिकार तुम्हाला नाही. सहा वर्षांपूर्वीच त्यांनी विचारलं होतं. आईचं एकच पालुपद, "नवरा कुठेतरी जिवंत असेल तर मी दुसऱ्याच्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ?" तो गृहस्थ बिचारा थांबला. आता त्यांच्या मुलाने त्यांना परदेशी स्वतःकडे न्यायचं ठरवलंय. जुलैअखेरचं तिकीट काढलंय, दुकानाला नवा भाडेकरू बघितलाय. तोवर लग्न झालं तर ते इथे राहतील, नाही तर जातील. तिकीट पाहिलं आणि आईचा धीर सुटला. स्वतःहून वकिलाकडे गेली आणि अर्ज केला की इतकी वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला मेलेला धरा.

जजसाहेब म्हणाले, त्याच नावाआडनावाचा इसम पेन्शनच्या नोंदीत जिवंत दिसतो. तो हा नव्हे, हे आधी दाखवा.

तो इसम तुम्ही.

मला एक ओळ हवी आहे. "तो मी" किंवा "तो मी नव्हे." खाली सही आणि तारीख. "तो मी" असं असेल तर सोबत घटस्फोटाच्या संमतीचा कागद ठेवलाय, त्यावरही सही करा. खुलासा नको, पश्चात्ताप नको, माझी चौकशी तर मुळीच नको. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे, म्हणजे तेवढेही कष्ट पडणार नाहीत.

विभागप्रमुख, नोंदी जुळवणी


१५ जून

महाशय,

तुमचं कार्ड मिळालं. "तो मी नव्हे. अशी नावं पैशाला पासरी मिळतात. पुन्हा लिहू नये." बस. सही नाही, तारीख नाही. माझं तिकीट लावलेलं पाकीट मात्र ठेवून घेतलंत, वा!

सही का नाही केली? माणूस जर खरंच दुसरा असेल तर सही करायला त्याचा हात का अडखळतो? कोर्टाला असल्या कार्डाचा काडीचा उपयोग नाही, हे तुम्हाला न कळण्याइतके तुम्ही खुळे नसाल.

आणि "पैशाला पासरी"! हे तुम्ही कोणाला सांगताय? नावं किती पासरी मिळतात हे मोजणं हाच माझा धंदा आहे. आमच्याकडे मृत्यूच्या बातम्या येतात त्यांत नाव आणि आडनाव एवढंच असतं, वडिलांचं नाव नसतं, पेन्शनचा नंबर बहुतेक वेळा चुकलेला किंवा गाळलेला असतो. मेलेला माणूस आणि आमच्या नोंदीतला माणूस एकच की दोन, हे ठरवणं माझ्या विभागाचं काम. सारखं नाव असलं की लोक म्हणतात, योगायोग. योगायोगालाही माप असतं.

समजावून सांगते, तुम्ही हातात पेन्सिल घ्या. एका पिशवीत सगळी नावं आहेत, दुसऱ्या पिशवीत सगळी आडनावं. तुमचं नाव हजार पुरुषांत दोघांचं असतं. म्हणजे बरंच चालू नाव, तिथवर तुमचं खरं. पण तुमचं आडनाव लाखात चौघांचं. पहिल्या पिशवीत हात घालून ते नाव निघायचं आणि त्याच वेळी दुसरीतून ते आडनाव निघायचं, असं किती वेळा होईल? गुणाकार करायचा. देशातले तुमच्या वयाचे दोन कोटी पुरुष धरले तर त्या नावाचे निघतात चाळीस हजार. त्या चाळीस हजारांत तुमच्या आडनावाचे किती? एक पूर्णांक सहा. ऑफिसात आम्ही त्याला दीड म्हणतो.

दीड माणूस! सबंध देशात. ही तुमची पासरी.

हा हिशेब मी अठ्ठावीस वर्षांची असताना लिहिला आणि तो आज नियम म्हणून चालतो. अंदाज दोनच्या खाली आला की पुढे जन्मतारखेचा घोळ घालत बसायचं नाही, माणूस एकच समजायचा. त्याआधी कारकून एकेका फायलीवर महिनोन्‌महिने बसायचे. माझ्या नियमाने ती टेबलं साफ झाली. बडे साहेब माझ्या हाताखालच्यांना आजही त्याचं उदाहरण देतात. तुमच्यासारख्यांना पकडायला तो उपयोगी पडेल असं तेव्हा मनात नव्हतं, पण पडतोय खरा.

तेव्हा नाटक पुरे. लिफ्ट सोडून पाण्याचे मीटर वाचायची सरकारी नोकरी धरलीत, आता घरी बसून पेन्शन खाताय, असं नोंदीत दिसतं. खा. मला त्यातला घासही नको. सही द्या. शेजारच्या दुकानात एक भला माणूस रोज संध्याकाळी शटर ओढताना आईकडे बघतो आणि काही विचारत नाही. त्याचे दिवस संपत चाललेत आणि तुम्ही कार्डं पाठवताय.

पंधरा दिवस वाट बघीन. मग स्वतः येईन.

विभागप्रमुख


५ जुलै

बाबा,

असं म्हणायला चोवीस वर्षांनी संधी मिळाली, म्हणून म्हणून घेते. तोंड कडू झालं.

परवा तुमच्या दाराशी अर्धा तास उभी राहिले. तुमची इमारत जुनाट आहे, जिन्यात अंधार, रंगाचे पोपडे पडलेले. पण लिफ्ट? लोण्यासारखी! घरघर नाही, धक्का नाही, दार अलगद लागतं. अशा खुराड्यात असली लिफ्ट पाहिली आणि माझी उरलीसुरली शंकाही गेली. ती कोणाचा हात लागल्याशिवाय अशी चालत नाही, हे लिफ्टवाल्याच्या मुलीला कळतं.

बेल वाजवली. तुम्ही आतून विचारलंत, "कोण?"

"जुळवणी विभाग," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

आत काहीतरी खाली पडलं. भांडं असावं. मग साखळी लावून दार चार बोटं उघडलंत. मला एक डोळा दिसला, खांदा दिसला आणि कान दिसला. वरच्या बाजूने पुढे वळलेला, परकराच्या दुमडलेल्या काठासारखा. असले कान मी आरशात रोज बघते. केसांखाली झाकते म्हणून लोकांना दिसत नाहीत.

"आता काय जुळवायचं राहिलंय?" तुम्ही म्हणालात. "सगळं जुळवून झालंय तुमचं."

"एक सही द्या, मी जाते."

"सही नाही मिळणार."

"का? लाज वाटते?"

"मागच्या खेपेला सही केली आणि मेलो," असं म्हणालात आणि दार लावून घेतलंत. वर आतून कडी घातलीत, त्यावर बोल्ट. मी दार बडवलं तेव्हा समोरच्या बाई बाहेर आल्या, हाताला पीठ लागलेलं. म्हणाल्या, "अहो, ऑफिसातली माणसं आली की ते दार उघडत नाहीत. मागे फार छळलंय त्यांना. तुम्ही कशाला म्हाताऱ्या माणसाच्या मागे लागताय?"

त्या बाईंना काय थाप मारून ठेवली आहे कोण जाणे. छळलं म्हणे. मी त्यांना म्हटलं, "बाई, हे माझे वडील आहेत." त्यांचं तोंड उघडंच राहिलं. राहू दे. शेजारीपाजारी सगळ्यांना कळू दे कोण राहतं इथे.

घरी आले तर आईने चेहऱ्यावरूनच ओळखलं. पाय मशीनवर, हातात निळ्या स्कर्टाची चूण. विचारलं, "भेटला?"

"दाराआडून."

"कसा आहे?"

चोवीस वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही तो कसा आहे, हे तिला हवं होतं! मी तडकले. म्हटलं, "ठणठणीत. कडीकोयंडे लावण्याइतका." आईने स्कर्ट उसवला आणि पहिल्यापासून शिवायला घेतला. घड्याळजी संध्याकाळी आले, त्यांनाही तिने सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते शटर ओढल्यावर न थांबता निघून गेले.

याचा जाब मी तुम्हाला विचारणार आहे. आठ तारखेला कोर्टात प्रतिज्ञापत्र देते आहे. त्यात माझा हुद्दा, माझा नियम, दीडचा आकडा, तुमचा कान आणि तुमची लिफ्ट, सगळं लिहिलंय. हा इसम अन्य कोणी असण्याची शक्यता नगण्य, असं मी शपथेवर सांगणार. मग कोर्टाची नोटीस येईल, पोलीस घेऊन येईल, त्याला साखळीआडून बोलून बघा.

तुमची एकुलती एक,
जिला शेवटची थाप मारून गेलात ती


१८ जुलै

काका,

तुमचं आठ पानी पत्र सोमवारी मिळालं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ही नवी थाप. दुसऱ्यांदा ऑफिसात जाऊन जुन्या फायली काढल्या. तिसऱ्यांदा वाचताना बाथरूमची कडी लावून घेतली होती.

तुम्ही लिहिलंय ते मी इथे माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे कोर्टात तुमचं आणि माझं वेगवेगळं नको. तुमचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा. त्यांचे तीन मुलगे. तिघांनीही आपापल्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं, कारण तुमच्या घराण्यात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवायचं आणि कोणी एकाने ते दुसऱ्यासाठी सोडायचं नाही. मग एका वाडीत एकाच नावाआडनावाचे तिघे चुलत भाऊ. हाक मारायला थोरला, दांडगा आणि बारक्या. थोरला लहानपणीच समुद्रापार गेला, तिकडेच आहे. दांडगा तुम्ही. बारक्या माझा बाप.

हे मला कुठून माहीत असणार? आईशी लग्न केलं म्हणून त्याला घरातून हाकललं. मी तुमच्यातल्या एकालाही कधी पाहिलं नाही. मी पिशव्या घेऊन बसले. पण तुमच्या घरात त्या पिशवीत कोणी हात घालतच नव्हतं! आडनाव ठरलं की नावही ठरलेलं. गुणाकार तिथेच संपला. तुमच्या आडनावाची देशात तुमच्या वयाची आठशे माणसं निघतील, आणि अशी घरं त्यांत आणखी किती आहेत हे मला सांगता येत नाही.

बारा वर्षांपूर्वी बारक्या आजारी पडून तुमच्याकडे आला. वर्षभर राहिला. बसून खायला नको म्हणून इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून दिली. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच घरी छातीच्या दुखण्याने गेला. तुम्ही सरळ माणसासारखी मृत्यूची नोंद केलीत, खाली सही केलीत. नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच. महिनाभराने तुमची पेन्शन बंद.

तुम्ही आमच्या ऑफिसात आलात. खिडकीपाशी म्हणालात, आम्ही दोघं आहोत, जन्मतारखा बघा, चौदा महिन्यांचं अंतर आहे. खिडकीवरच्या कारकुनाने तुम्हाला जे उत्तर दिलं ते तुम्ही शब्दशः लिहिलंय. "आजोबा, आमच्या हिशेबाने तुमच्यासारखा दीड माणूस आहे. एक तुम्ही. उरलेल्या अर्ध्याला मी कुठून आणू?" मागचे सगळे हसले, हेही लिहिलंय.

तो कारकून कोण ते मला ठाऊक आहे. आता तो बढती होऊन दुसऱ्या मजल्यावर बसतो. विनोद त्याचा, हिशेब माझा.

तीन वर्षं तुम्ही स्वतः जिवंत असल्याचे दाखले गोळा केलेत. मग कोणीतरी तुम्हाला जिवंत केलं. आणि कसं केलं ते फायलीत आहे. माणूस एकच आहे, तो जिवंत आहे, सबब मृत्यूची नोंद चुकीची, रद्द. तुम्हाला उठवताना माझ्या बापाचा मृत्यू पुसून टाकला. खाली नियमाचा क्रमांक टाकलाय. माझ्या नियमाचा. म्हणून जजसाहेबांना तो जिवंत दिसतो. म्हणून आई अजून कुणाची तरी बायको आहे.

म्हणजे आईच्या लग्नात आडवी आले ती मी. पण एवढ्यावर तुम्ही सुटलात असं समजू नका.

कारण तुम्हालाही मी सोडणार नाही. दांडगे काका, अकरा वर्षं! एक कार्ड टाकता आलं नाही? "बारक्याने सांगू नको म्हणून हात धरला होता." मेलेल्याने हात धरला आणि तुम्ही जिवंत माणसांना लटकत ठेवलंत. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तरी सांगायचं होतंत. तर म्हणे छापील कागद पाहिला आणि पाचावर धारण बसली, वाटलं पुन्हा मारायला आले. दारात मी जुळवणी विभाग म्हटलं तेव्हा हातातून पातेलं पडलं. हे वाचून मला दया यायला हवी होती. मला संताप आला, तुमचाही आणि त्या छापील कागदाचाही. हा साधा कागद बघा, वहीतून फाडलाय.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. विचारलं, "कधी?"

"अकरा वर्षं झाली."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या माणसाने मला विचारलं तेव्हा मी मोकळी होते. सहा वर्षं मी त्याला उगाच ताटकळत ठेवलं." नवऱ्यासाठी रडली नाही. या एका वाक्यानंतर रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "तुझ्या ऑफिसात इतकी हुशार माणसं बसतात, त्यातल्या एकाला जन्मतारीख वाचता येत नव्हती?"

वाचायची नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं.

आता ऐका. आठ तारखेला मी ते प्रतिज्ञापत्र देऊन बसले आहे. त्यामुळे कोर्टाने तुम्हाला नोटीस काढली आणि पुढची तारीख सहा ऑगस्ट दिली. घड्याळजींचं विमान तीस जुलैचं. मी वकिलाकडे, कोर्टाच्या कारकुनाकडे, सगळीकडे नाक घासून आले. तारीख अलीकडे येत नाही. मी शपथेवर अक्कल पाजळली नसती तर साध्या कागदावर काम झालं असतं.

घड्याळजींना आईने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आणखीही थांबलो असतो हो. पण दुकान दिलं, घर दिलं, आता इथे कुठे उभा राहू?" आई म्हणाली, "माझ्याकडे." ते म्हणाले, "लग्नाआधी? तुमच्याकडे? लोक तुम्हाला काय म्हणतील?" दोघंही म्हातारी आणि दोघंही हट्टी.

तरीही तुम्ही सहा तारखेला यायचं. दोन सह्या करायच्या. एक, तुम्ही तुम्ही आहात. दुसरी, मेला तो बारक्या. लिहिलंय, "मी एकदा मेलोय, पुन्हा ऑफिसच्या दारात पाऊल टाकणार नाही." कोर्ट म्हणजे ऑफिस नव्हे. आणि तुम्ही मेलात त्याची चूक माझी, आई लटकली त्यात अर्धी चूक तुमची. माझी अर्धी मी उभी राहून सांगणार आहे. तुमची तुम्ही सांगा.

एक विचारायचं राहिलं. तो शेवटी आमच्याबद्दल काही बोलला का? दोन ओळी लिहा. गोड लिहू नका.

बारक्याची मुलगी


१२ ऑगस्ट

काका,

आलात, त्याबद्दल आभार मानत नाही. यायलाच हवं होतं. पण तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून आलात आणि साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात, ते मी पाहिलं. सही करताना पेन तीनदा उचललंत. आई माझ्या कानात पुटपुटली, "त्यांना पाणी द्या कुणीतरी." मी उठले नाही.

माझी पाळी आली तेव्हाचं तुम्हाला मागच्या बाकावर ऐकू आलं की नाही, माहीत नाही. जजसाहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र पुढे धरलं. "तुम्ही इथे दीड लिहिलंय. हा नियम कोणी केला?"

"मी."

"मग आता सांगा, या नावाची एकूण माणसं किती?"

बारा वर्षं लोक मला हा प्रश्न विचारतात आणि मी आकडा देते. माझ्या जिभेवर आकडा आलाही होता. मी म्हटलं, "माहीत नाही." जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "अंदाजे?" "अंदाजेही माहीत नाही." त्यांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं. ऑफिसला त्याची प्रत गेली. बड्या साहेबांनी दोनच्या खालच्या सगळ्या फायली पुन्हा काढल्यात आणि मला विभागाच्या खुर्चीवरून उठवून त्या तपासायला बसवलंय. एकेकीची जन्मतारीख वाचते. किती जण मारले असतील आणि किती मेलेले उठवले असतील, ते कळायला हे वर्ष जाईल. तुम्हाला बरं वाटत असेल तर वाटू द्या.

निकाल तुम्हाला पोस्टाने येईल. बारक्या अकरा वर्षांपूर्वी मेला, हे आता कायद्यालाही मान्य आहे. आई मोकळी झाली तेव्हा घड्याळजींना जाऊन आठवडा झाला होता. कोर्टातून आम्ही दुकानावरून आलो. घड्याळांच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. आई क्षणभर थांबली आणि मग आपल्या दुकानाचं कुलूप काढून आत गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तिने शिलाई मशीन शाळेच्या बाईंना देऊन टाकलं. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"जाते त्यांच्याकडे."

"इतक्या लांब? या वयात? त्यांच्या मुलाच्या घरी?"

"मग काय, इथे बसून त्यांचीही वाट बघू? एक नवरा हरवला होता म्हणून बसले. हे हरवलेले नाहीत. माझ्याकडे पत्ता आहे."

मी बरंच बोलले. त्यांनी बोलावलं आहे का, मुलाला चालेल का, तिथून परत पाठवलं तर काय करशील. पासपोर्ट आणि व्हिसा तिने मला न सांगता जुलैतच करून ठेवले होते, आता शांतपणे बॅग भरत होती. शेवटी म्हणाली, "तुझं गणित तुझ्यापाशी ठेव." बरोबरच बोलली, पण लागलं.

काल तिला विमानतळावर सोडलं. दारापाशी, आत जायच्या आधी, तिने विचारलं. तुमचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. "बारक्याने शेवटी तुमची कोणाची आठवण काढली नाही. रेडिओ लावायला सांगितला. गोड लिहू नका म्हणालीस म्हणून लिहिलं." मी ते तिला दाखवलं नव्हतं.

"त्यांनी काही लिहिलं का गं?" आई म्हणाली. "तो आपलं नाव काढायचा का?"

"हो," मी म्हटलं. "खूपदा."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या कानावरचे केस मागे सारले, लहानपणी वेणी घालताना सारायची तसे. "खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही. त्याला जमायचं." आणि पासपोर्ट हातात घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली. मागे वळून बघितलं नाही.

तुम्हाला पत्रं लिहिण्याचं माझं काम संपलंय. तुम्ही मला लिहू नका. आईने तिकडचा पत्ता दिलाय, तो पाकिटाच्या मागे लिहिलाय. निकालाची एक प्रत तिला पाठवा, तिथे लग्नाच्या नोंदीला लागेल. सोबत दोन ओळी लिहिल्यात आणि तिने पुन्हा तेच विचारलं, तर रेडिओचं सांगा.